घरापेक्षा बुटका डोंगर

"उंची किती म्हणालीस?" बाबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"२७६ मीटर."

"अगं, पुणंच ५६० मीटरवर आहे. म्हणजे मी इथे आरामखुर्चीत तुझ्या शिखराच्या दुप्पट उंचीवर बसलोय!"

हिशेब चोख होता. पण डब्लिन शहर संपता संपता, विकलो डोंगररांगेच्या काठावर उभ्या असलेल्या कॅरिकगॉलोगनला त्याचं सोयरसुतक नाही. रविवारची गर्दी पलीकडच्या ५०१ मीटरच्या ग्रेट शुगर लोफकडे जाते. इकडे कुत्रा फिरवायला आलेली दोन-चार माणसं. जवळपासचे लोक डोंगराला 'कॅटी गॅलहर' म्हणतात, शेजारच्या काकूंना हाक मारावी तसं.

सूचिपर्णी झाडांतून वाट जाते, शेवटी फिक्या क्वार्टझाइटच्या खडकांवर थोडे हात टेकावे लागतात, आणि धड दम लागायच्या आत माथा येतो. वसंतात वाटेकडेला गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक होतात. त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं, सॅकमधला करंज्यांचा डबा उघडला की काय!

माथ्यावरून जवळच बॅलीकोरसचं धुरांडं दिसतं. एकोणिसाव्या शतकात खाली शिसं वितळवायचा कारखाना होता. त्याचा धूर सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या दगडी बोगद्यातून डोंगर चढून या धुरांड्यापर्यंत यायचा. वाटेत तो निवायचा, शिसं भिंतींवर बसायचं, आणि मजूर आत शिरून ते खरवडून काढायचे. विषच ते. धुरांड्याला बाहेरून गोल वळत जाणारा दगडी जिना आहे; दिसतो सुरेख. मला मात्र बोगद्याच्या तोंडाशी फार वेळ उभं राहवत नाही.

माथ्यावर मात्र कितीही वेळ बसावं. समोर ब्रे हेडचं भूशिर, किलायनीचा उपसागर, आणि त्यापुढे नुसतं करडं पाणी. पर्वतीच्या पायऱ्या चढताना 'समुद्रसपाटी' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातला वाटायचा. इथे शून्य समोरच पसरलेलं असतं. २७६ मीटर सगळेच्या सगळे डोळ्यांनी मोजून घ्या.

त्या दिवशी भुरभुर सुरू झाली. अशा भुरभुरीच्या दिवसाला इथे 'सॉफ्ट डे' म्हणतात; तेच म्हणत एक आजोबा कुत्र्यामागून उतरून गेले. वाऱ्यात बाबांचं बोलणं तुटक येत होतं.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, तो समुद्र दाखव बरं परत."