फारोचा मुलगा आणि भेसळीचे सिमेंट

सेसिल बी. डिमिल यांचा १९२३ सालचा ‘द टेन कमांडमेंट्स’ हा मूकपट पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. शंभर वर्षांपूर्वी ते पडले होते आणि सोलापुरात आम्ही काही जणांनी मिळून तो अलीकडे पाहिला, तेव्हाही पडले. फक्त आमच्याकडे बहुमत उलट्या बाजूला होते. चित्रपट दुभागलेला आहे. सुमारे पाऊण तासाच्या पूर्वार्धात बायबलमधील मोशे इस्राएल लोकांना मिसर (इजिप्त) देशाच्या गुलामीतून बाहेर काढतो, तांबडा समुद्र दुभंगतो आणि सीनाय पर्वतावर देवाच्या दहा आज्ञा मिळतात. त्यानंतरचा बराच लांबलेला उत्तरार्ध त्या वेळच्या अमेरिकेत घडतो आणि त्यात एकाच धर्मनिष्ठ आईच्या पोटी जन्मलेला एक मुलगा साधा सुतार होतो, तर दुसरा एकेक आज्ञा मोडत श्रीमंत ठेकेदार होतो. तेव्हाच्या समीक्षकांनी पूर्वार्ध डोक्यावर घेतला आणि उत्तरार्धाला नाके मुरडली.

एका वाचनालयाच्या छोट्या सभागृहात जमलेल्या आमच्या मंडळींत चर्चमध्ये नियमित जाणारी कुटुंबे होती, शहराच्या पूर्वभागातील तेलुगू भाषक होते, गिरणीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे होते आणि बायबलचे पान कधीही न उघडलेले माझ्यासारखेही बरेच होते. पडद्यावरची इंग्रजी वाक्ये एक निवृत्त शिक्षक मोठ्याने मराठीत सांगत होते आणि त्यांच्या मागोमाग दोन रांगांतून तेच तेलुगूत कुजबुजले जात होते. मूकपट शांततेत पाहावा असा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. परंतु आपल्याकडे मूकपटांच्या काळातही पाट्या मोठ्याने वाचल्या जात आणि पडद्याजवळ पेटी-तबला चाले, त्यामुळे आमची पद्धत जुन्या रिवाजाला धरूनच होती, असे मी म्हणेन.

समुद्र दुभंगण्याच्या प्रसंगाकडून माझ्या सर्वाधिक अपेक्षा होत्या. पाण्याच्या दोन भिंती उभ्या राहिल्या आणि थरथरू लागल्या, तेव्हा पुढे बसलेली एक शाळकरी मुलगी म्हणाली, “ही तर जेली आहे!” ती खरोखरच जेली आहे. दोन भागांत कापलेली जेली ज्योतींच्या उष्णतेने वितळवून त्याचे चित्रीकरण केले गेले आणि फिल्म उलटी चालवल्यावर समुद्र दुभंगल्याचा आभास निर्माण झाला. गुपित आधीच फुटल्यामुळे कोणाचा विरस झाला असे मात्र दिसले नाही. संगणकावर महापूर आणि भूकंप रोज पाहणाऱ्या पिढीला जेलीच्या समुद्राचे अप्रूप वाटले आणि तो प्रसंग पुन्हा लावण्याची फर्माईश झाली.

सभागृह खऱ्या अर्थाने स्तब्ध झाले ते वेगळ्याच ठिकाणी. मिसरचा राजा फारो याचा थोरला मुलगा मरतो. ज्याच्या एका इशाऱ्यावर हजारो गुलाम दगड ओढतात तो सम्राट ते मृत मूल दोन्ही हातांवर घेऊन येतो, आपल्या देवाच्या भल्या थोरल्या मूर्तीच्या स्वाधीन करतो आणि त्याला परत जिवंत कर म्हणून विनवत राहतो. मूर्ती हलत नाही. आमचे शिक्षकही येथे वाचायचे थांबले. कथेने ज्याला खलनायक ठरवले आहे त्याच्यासाठी बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि ‘मूकपटातील अभिनय म्हणजे नुसते हातवारे’ हे माझे जुने मत मला त्या प्रसंगापुरते तरी गुंडाळून ठेवावे लागले.

ज्यांना मूळ कथा पाठ आहे त्यांचे पाहणे निराळे होते. इस्राएल लोक सोन्याच्या वासराची मूर्ती पुजतात, त्या उत्सवात मोशेची बहीण मिर्याम पुढाकार घेते आणि तिथेच तिच्या अंगावर महारोग उमटतो, असे चित्रपट दाखवतो. त्यावर एका आजींनी जागेवरूनच हरकत घेतली की, वासरू मोशेचा भाऊ अहरोन याने घडवले, ते बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात आहे. मिर्यामला महारोग झाला तो मोशेविरुद्ध बोलल्याबद्दल, आणि तो प्रसंग पुढे ‘गणना’ पुस्तकात येतो. आजींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. पुराणकथांवरच्या मालिका पाहताना आपल्या घरोघरी हेच चालते. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिले होते की, मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहताना त्यांच्या मनःचक्षूंसमोर कृष्ण आणि राम उभे राहत होते. बायबलकथेच्या मूकपटाला मराठी प्रेक्षकाने दिलेली ती सर्वांत प्रसिद्ध प्रतिक्रिया म्हणावी लागेल, आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा आरंभ तिच्यातून झाला.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा मंडळी उठून जातील अशी मला धास्ती होती. घडले उलटेच. ठेकेदार मुलगा चर्चच्या बांधकामात निकृष्ट सिमेंट वापरून पैसे खातो, हे दिसताच सभागृहात एकदम जान आली. मागच्या रांगेतील एक गवंडी उद्गारले, “एकास बाराचा माल हाय की ह्यो, वाळूच हाणलीय सगळी!” त्याच भिंतीखाली ठेकेदाराची स्वतःची आई सापडून मरते, तेव्हा कोणालाही धक्का बसला नाही, कारण बहुतेकांनी ते आधीच ताडले होते. कलकत्त्याहून चोरून आणलेल्या तागाचा उल्लेख आला, तेव्हा गिरणीतल्या एका काकांनी ताग आणि सूत यांच्या धंद्यांतला फरक शेजाऱ्याला समजावून सांगायला घेतला आणि पाचएक मिनिटांचे कथानक दोघांच्याही हातून निसटले.

शेवटाविषयी मात्र वाद झाला आणि तो मिटला नाही. कुष्ठरोग ही पापाची शिक्षा असल्यासारखे हा चित्रपट दाखवतो आणि रोगाच्या भीतीने खचलेली स्त्री येशूची कथा ऐकून त्या भीतीतून मुक्त होते. एका निवृत्त परिचारिका मावशींना हे अजिबात पटले नाही. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला होता, म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा त्याला पन्नास वर्षे झाली होती. आणि आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, तरीही रुग्णांना घराबाहेर काढले जाते ते अशाच कथांमुळे, असे त्यांनी सुनावले. चर्चमधील एका तरुणाचे उत्तर होते की, त्या कथेत येशू रोग्याला हात लावतो हे महत्त्वाचे आहे. मला दोघांचेही पटले. पण डिमिल यांच्या कॅमेऱ्याला त्या स्पर्शापेक्षा भीतीतच अधिक रस आहे, हे मावशींच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

पुढच्या वेळी फक्त पूर्वार्ध दाखवावा, उरलेला वेळ चहा आणि चर्चेला द्यावा, अशी सूचना निघता निघता पुढे आली. मी तिला विरोध केला आहे. उत्तरार्ध रचनेने सैल आहे, भडक आहे आणि त्यातील उपदेश कानठळ्या बसवणारा आहे. परंतु आमच्या प्रेक्षकांनी उलटतपासणी घेतली ती त्याचीच, पूर्वार्धापुढे ते बहुतांशी हात जोडून बसले होते.