आधी सांगत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"हल्ला खोटाच करायचाय, तर आधी सांगत का नाही?" रेड टीममध्ये, म्हणजे कंपनीच्याच सांगण्यावरून तिच्यावर खोटा सायबर हल्ला करून बचाव तपासणाऱ्या टीममध्ये, काम करते म्हटलं की हे येतंच. बचावाच्या बाजूचे चिडून विचारतात, मॅनेजर हसून. माझं ठरलेलं उत्तर असायचं: चोर तारीख कळवून येत नाही. सभेत हे खपतं. पण ते अर्धंच आहे.

कारण बरंचसं काम आम्ही सांगूनच करतो. माइटर अटॅक या हल्लेखोरांच्या तंत्रांच्या यादीतलं एक तंत्र घ्यायचं, उदाहरणार्थ विंडोजमध्ये लॉगिन सांभाळणाऱ्या एलसॅस प्रोसेसच्या मेमरीतून पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, काढणं. अटॉमिक रेड टीमसारख्या साधनाने ते चालवायचं आणि बचाववाल्यांच्या शेजारी बसून बघायचं: नोंद झाली का, सीमपर्यंत, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र तपासणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोचली का, अलर्ट वाजला का. पूर्वी मी याला पेपर फोडून घेतलेली परीक्षा म्हणायचे. आता म्हणत नाही. सर्व्हरवरचा लॉग, म्हणजे नोंदी, पाठवणारा एजंट प्रोग्राम कधीचाच बंद पडलाय, असले शोध इथेच लागतात.

पण अलर्ट वाजल्यावर माणसं काय करतील, हे सांगून कसं तपासायचं? 2013 मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानांच्या साखळीवर हल्ला झाला, तेव्हा तिच्या यंत्रणेने इशारा दिला होता. वेळेत कुणी हललं नाही आणि सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली.

आणि गुप्त म्हणजे बेवारस नव्हे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या न्यायव्यवस्थेनेच सुरक्षा तपासायला नेमलेले दोन टेस्टर रात्री एका कोर्टाच्या इमारतीत शिरले. परवानगीचं पत्र जवळ असूनही काउंटीच्या शेरीफने त्यांना अटक केली. आरोप पुढच्या वर्षी मागे घेतले गेले. म्हणून आत कुणाला माहीत असणार, हे आम्ही लेखी ठरवून घेतो.

पण ते ठरवूनही एक गोष्ट सुटत नाही. एका कंपनीत रात्रपाळीच्या मुलाने आम्हाला पकडलं. अलर्ट आला, त्याने तो सर्व्हर नेटवर्कमधून तोडला आणि वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठांना सगळं माहीत होतं, पण नियमाप्रमाणे ते एवढंच म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." मग तो पहाटेपर्यंत लॉग उपसत बसला, आम्ही आणखी कुठे शिरलोय ते शोधत. आपल्या पाळीत डेटा गेला, या भीतीत त्याचे पुढचे दिवस गेले, कारण खुलासा आढावा बैठकीतच करायचा ठरला होता. बैठकीत मी त्याचं कौतुक केलं. मनापासून. तो म्हणाला, "मॅडम, मी शोधत होतो तेव्हा तुम्ही सगळे जागे होतात ना?" मी नियम सांगितले. नियम बरोबरच होते, आजही मी ते खोडणार नाही. तो नंतर काही बोलला नाही.

पुढच्या फेरीत तसाच अलर्ट त्याच्याच पाळीत आला. तिकिटावर त्याने लिहिलं, "रेड टीम असेल, सकाळी बघू." आम्हीच होतो, त्याचा अंदाज बरोबर होता. रिपोर्टमध्ये हे 'वेळेत प्रतिसाद नाही' असं नोंदवावं लागलं. ते लिहिताना मला त्याचाच राग आला होता, हेही सांगून टाकते.

हल्ली करार करताना मी अट घालते: पकडणाऱ्याला त्याच रात्री सांगायचं. मॅनेजर म्हणतात, मग बातमी टीमभर होईल आणि उरलेली चाचणी वाया जाईल. जातेच. काही जण तेवढ्यावरून सही करत नाहीत, आणि त्यांचंही अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही.