आधी बोअर पाणी पितो का बघा

आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, तरी दाणा आपला दाण्यासारखाच. पाण्यात क्षार इतके की नळाच्या तोंडाला पांढरं कवच चढतं. म्हणून डाळीपुरतं नगरपालिकेचं पाणी वेगळ्या कळशीत झाकून ठेवायचं, ही घरातली जुनी रीत. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. तेव्हा देव्हाऱ्याखालोखाल मान त्या कळशीला.

गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचं हे डोक्यात आलं, ते मात्र डाळीमुळे नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमचा ४८० फुटी बोअर जानेवारीतच घोगरा आवाज काढून गप्प झाला होता. तेव्हा घरात सगळ्यांनी शपथा घेतल्या. त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं आणि आमच्या शपथा वाहून गेल्या. परत आठवण झाली ती थेट २०१९ च्या उन्हाळ्यात, टँकरवाल्याला दिवसाला आठ-आठ फोन करताना.

माझी समजूत अशी की हे एक फिल्टर विकत आणायचं काम आहे. एका प्रदर्शनात तसा स्टॉल लागला होता. पिवळ्या टी-शर्टातला मुलगा निळा प्लास्टिकचा डबा हातात घेऊन सांगत होता, पाईपला जोडायचा, झालं. मी विचारलं, जोडायचा आणि पुढे पाणी जाणार कुठं? तो म्हणाला, "मॅडम, ते तुमचा प्लंबर बघंल." डबा न घेता घरी आले.

मी आठवीच्या पोरांना घनफळ शिकवते, म्हणून हिशेब स्वतःच मांडला. गच्ची साधारण शंभर चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे गच्चीवर शंभर लिटर. त्यातले वीस टक्के भिजण्यात, उडण्यात, सांडण्यात गेले असं धरायचं. लातूरला वर्षाला साडेसातशे मिलिमीटर धरला, तर हाती येतात साठ हजार लिटर. मी आकडा वाचला, तर हे म्हणाले, "साठ हजारांचा हौद खणल्यावर घर कुठं ठेवायचं?"

मग उलटीकडून मोजलं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर, आम्ही चौघं, दिवसाला चाळीस. ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस. ९,६०० लिटर. म्हणजे दहा हजारांचा हौद पुरे, आणि तो मागच्या अंगणात बसतो. धुण्या-भांड्याला बोअर आहेच. हौद भरल्यावर उरलेलं सगळं त्या बोअरला द्यायचं.

इथं मला अडवलं ओळखीतल्या एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी. म्हणाले, "ताई, आधी बोअर पाणी पितो का बघा." आपल्याकडे वर काळी माती, मुरूम आणि खाली काळा पाषाण. केसिंग पाईप, म्हणजे माती ढासळू नये म्हणून बोअरमध्ये घातलेली नळी, वरच्या चाळीसेक फुटांतच असतो, त्याखाली उघडा खडक. पाणी मुरणार ते त्या खडकातल्या भेगांतून. भेगा नसतील तर बोअर म्हणजे नुसती उभी बाटली, भरली की संपलं. म्हणून आधी पाणी ओतून बघायचं.

मे महिना. टँकर विकतचा. त्यातलं पाणी पाईप लावून बोअरमध्ये सोडलं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. "विकतचं पाणी भुईत ओतायलीय सून. आता काय राह्यलं बघायचं?" चाळीस मिनिटांत बोअरनं सगळं गिळलं, थेंबही वर आला नाही. मला इतका आनंद झाला की त्यांना सांगता येईना.

त्यानंतरचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस गच्चीवर गेला. मिस्त्रींनी मला चार कोपऱ्यांत बादलीभर पाणी ओतायला लावलं. आमच्या कोब्याचा उतार पंधरा वर्षांत कुठल्या कुठं गेला होता. दोन कोपऱ्यांतलं पाणी पन्हाळीकडे आलं, तिसऱ्यातलं जिन्याच्या दाराकडे निघालं आणि चौथ्यात तळं साचलं. तो महागडा निळा डबा घेतला असता तर गच्चीचं निम्मं पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नसतं. उतार नव्यानं करून घेतला, त्यावर पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवले. रंग किंवा डांबरी लेप नको, ते पिण्याच्या पाण्यात उतरतं.

प्लंबरशी वाद झाला तो पहिल्या पावसाच्या पाण्यावरून. गच्चीवर आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, शेजारच्या लिंबाचा पाला. पहिला सडाका बाहेर टाकून द्यावा लागतो. प्लंबरनं उतरत्या पाईपला तीन फुटांचा तुकडा जोडला, खाली टोपण लावलं आणि म्हणाला, घाण यात बसंल. मी वहीत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं. चार इंची पाईपच्या तीन फुटांत जेमतेम आठ लिटर मावतात. निदान एक मिलिमीटर पाऊस सोडायचा म्हटला तरी शंभर लिटर होतात. "कुणीच एवढं करत नाही ताई," तो म्हणाला. खरं असेल. शेवटी दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवला. आधी तो भरतो, मग पाणी पुढे हौदाकडे वळतं. ड्रमच्या बुडाशी बारीक नळ आहे, तो कायम थोडा ठिबकता ठेवायचा, म्हणजे दोन पावसांच्या मध्ये ड्रम आपोआप रिकामा होतो.

हौद आठ बाय सात, सात फूट खोल. वर स्लॅब, दोन फुटांचं घट्ट झाकण. आत अंधार असला की शेवाळ धरत नाही. वाहत्या तोंडाला डासांची जाळी. बांधकामाला पाणी मारण्यात दोन टँकर गेले, आणि पाणी वाचवण्यासाठी पाणी विकत घेण्याचा हा दुसरा प्रसंग सासूबाईंनी नातेवाइकांत व्यवस्थित पोचवला. मोटर मुद्दाम बसवली नाही. छोटा हापसा बसवला. मोटर असली की हौद महिन्यात संपतो, हापशाला हात दुखतात. बोअरपाशी तीन फुटी चौकोनी चेंबर: तळाला दगडगोटे, वर खडी, वर वाळू, मध्ये नायलॉनची जाळी. त्यातून गाळलेलं पाणी पाईपनं केसिंगमध्ये. केसिंगलाच भोकं पाडून त्यावर जाळी गुंडाळायची पद्धतही आहे. मला ती पटली नाही, जाळी फाटली की गाळ सरळ आत. सगळा खर्च एक लाख दहा हजारांच्या आसपास आला. टँकरच्या हिशेबात तो अजून फिटलेला नाही.

मृग कोरडाच गेला. पाऊस आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आम्ही तिघं छत्र्या घेऊन ड्रमभोवती. पाणी कोऱ्या चहासारखं. तासाभरानं हौदाच्या पाईपमधून धार लागली तेव्हा मुलीनं पेला धरला. तो मी हिसकावून घेतला: नव्या सिमेंटचा हौद, पहिलं पाणी तुरट आणि चुन्याचं. ते झाडांना. नंतरच्या पाण्याची एच टू एस बाटलीनं तपासणी केली; पाण्यात विष्ठेतले जंतू असले की ती काळी पडते. बाटली काळी पडली नाही, तरी प्यायचं पाणी आम्ही उकळूनच घेतो.

सप्टेंबरात फजिती झाली. तासभर ढग फुटल्यासारखा पाऊस आला, हौद आधीच भरलेला, सगळं पाणी चेंबरकडे. वाळूवर गाळाची साय धरली होती. चेंबर उतू गेलं आणि पाणी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आलं. मी गव्हाची पोती उचलतेय आणि हे फोनवर मिस्त्रींना विचारतायत, जास्तीचं पाणी रस्त्याकडे काढायचा पाईप कुठंय? तो कुणीच घातला नव्हता. मीही विसरले होते, वहीत सगळे आकडे असून. दुसऱ्या आठवड्यात घातला. आता दर मेमध्ये वाळूचा वरचा वीतभर थर काढून धुते.

बोअरचं म्हणाल तर आमचा आता मार्चपर्यंत चालतो. पण भिंतीपलीकडच्या काकांचा, ज्यांनी "घरात समुद्र करताय का" म्हणून विचारलं होतं, तो एप्रिलपर्यंत चालतो. भेगा कुठं जातात ते खडकाला ठाऊक.

हौदाच्या पाण्यात डाळ मात्र तीन शिट्ट्यांत गळते. पहिल्या दिवशी मी सवयीनं सहा दिल्या आणि वरणाची पेज झाली.

दर रविवारी हौदात खुणा केलेली काठी बुडवते. काल दोन फूट तीन बोटं भरली, म्हणजे तीन हजार लिटरच्या वर. मेचा तिसरा आठवडा चालू आहे. सासूबाईंनी काठी बघितली आणि विचारलं, कुरडयांचे गहू भिजवायला हौदाच्या चार बादल्या घेऊ का? दोन घ्या म्हटलं.