जनान्याची भिंत

गुरुवार, रात्री साडेदहा

आईला आत्ता डोळा लागला. ओसरीवरचा दिवा तसाच ठेवून लिहायला बसलेय. आजचं उद्यावर टाकलं तर निम्मं निसटून जाईल, आणि आज जे कळलं त्यातलं काहीच निसटायला नको आहे.

सकाळी भाच्याबरोबर मोंढ्यात गेले होते. दसरा झाला की आमच्याकडं सोयाबीनची आवक सुरू होते, ट्रॅक्टरांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत लागते. काटा झाला, आणि आडत्या म्हणाला, “गोदाम भरलंय. टाकीजमधी टाका.”

गावात टॉकीज एकच होती, त्यामुळं तिला नावानं कुणी हाकच मारली नाही. सगळे ‘टाकीज’ म्हणायचे. अजूनही म्हणतात. सुटीत आले की समोरून जाणं व्हायचं, पण आत पाऊल टाकून वीस-बावीस वर्षं तरी झाली असतील.

पडद्याच्या बाजूची भिंत फोडून तिथं ट्रक जाईल एवढं शटर बसवलंय. आत अंधार, सोयाबीनचा कोंदट वास, छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. डोळ्यांना काही दिसायच्या आधी पायांना कळलं. फरशी अजून उताराचीच आहे! मागून पुढं, पडद्याकडं, तोच हळू उतार. लहानपणी मी त्यावरून धावत थर्डापर्यंत, म्हणजे पडद्याजवळच्या सगळ्यात स्वस्त जागेपर्यंत, जायचे आणि पोटात गोळा यायचा. हमालांनी थप्प्या सरकू नयेत म्हणून खालच्या अंगाला लाकडाचे ठोकळे लावलेत. एक हमाल म्हणाला, “बाई, हितं थप्पी लावायची म्हणजे कसब पाहिजे. माल आपोआप खाली पळतो.”

पडद्याच्या भिंतीचा चुना अजून चारी बाजूंच्या काळ्या पट्ट्यासकट शाबूत आहे. आणि डाव्या हाताला जनान्याची भिंत. कमरेला लागेल एवढी, विटांची, वरून शहाबादी फरशी. आता तिच्या अलीकडं नवा माल आणि पलीकडं जुना. मी तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. वरची फरशी कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालीय.

ज्यांनी जनाना पाहिला नाही त्यांना सांगावं लागेल. निझामाच्या मुलखातल्या टॉकीजमध्ये बायकांची जागा वेगळी असायची, तिचं नाव जनाना. आमच्याकडं तिचं दारही वेगळं होतं, मागच्या बोळातून. दारावर तिकीट फाडायला बाईच. भिंतीवर तारेला पडदा लावलेला. दिवे मालवले की तो सरकवायचा, इंटरवलला पुन्हा ओढायचा. पुढं पडदा फाटला, तारही गेली, पण भिंत राहिली आणि नावही राहिलं.

राज्यं बदलली तरी सिनेमाच्या धंद्यात निझाम शिल्लकच होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. वितरकांच्या नकाशात मात्र मराठवाडा ‘निझाम’ टापूतच मोडायचा. म्हणून हिंदी पिक्चरच्या पेट्या आमच्याकडं हैदराबादकडून यायच्या, काचीगुड्याहून मनमाडकडं जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीनं. मराठी पिक्चर उलट बाजूनं, मनमाडकडून. पत्र्याच्या जड पेट्या गार्डाच्या डब्यातून उतरायच्या आणि हातगाड्यावर टाकीजला जायच्या. पेटी उतरली की नाही ही आमच्या गल्लीतली शुक्रवारची पहिली बातमी. हातगाड्यामागं पळणाऱ्या पोट्ट्यांत मीही असायचे.

आम्हाला बातमी सगळ्यांच्या आधी कळायची, कारण आमच्या घराला घर लागून आपरेटर चाचांचं घर होतं. मधे एकच भिंत. चाची संध्याकाळी डबा भरायच्या आणि तो टाकीजला पोहोचवायचं काम माझ्याकडं होतं. मी आठ-नऊ वर्षांची होते, म्हणजे १९८२-८३ सालची गोष्ट. मागच्या बाजूचा लोखंडी जिना चढला की केबिन. आत दोन मशिनी, भट्टीसारखी धग, आणि कार्बनच्या धुराचा तो वास. आजही कुठं वेल्डिंग चाललं असलं की माझी मान आपोआप तिकडं वळते.

मशिनीच्या पोटात बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन काड्या तोंडाला तोंड लावून बसवलेल्या, त्यांच्या टोकांमधे ठिणगी धरायची, आणि त्या ठिणगीचा उजेड पार पडद्यापर्यंत जायचा. काड्या जळून आखूड होत जातात, मधलं अंतर वाढतं, म्हणून चाचा एका हातानं भाकरी खात आणि दुसऱ्या हातानं गुंडी फिरवत राहत. काळ्या काचेतून ती ठिणगी त्यांनी मला दाखवली होती. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि थर्डातून शिट्ट्या सुरू.

चाचांनी मला सगळं शिकवलं. सेकंदाला २४ चित्रं, मिनिटाला ९० फूट फिल्म. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं, त्यावर रिळांचा आकडा असायचा आणि अख्खं थर्ड तो मोठ्यानं वाचायचं. “सोळाऽऽ रीळ!” जास्त रिळं असली की पैसे वसूल. चाचा दोन-दोन रिळं जोडून एक करत, तरी बावीस मिनिटांनी मशीन बदलावीच लागे. ते कधी बदलायचं याची खूण पडद्यावरच असते. उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका क्षणभर चमकून जातो, आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा.

“देख बेटा, पैला टपका आया तो मोटर चालू. दुसरा आया तो बदली.”

माझ्या हातात डब्याचं झाकण असायचं आणि डोळे त्या कोपऱ्यावर. पहिला ठिपका मी आधी ओरडून सांगितला तर चाचा भाकरीचा तुकडा मला द्यायचे. हॉलमधल्या लोकांना काही पत्ता नसायचा की आत्ता एका मशिनीतून दुसरीत गोष्ट गेली. ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटायची. आजही वाटते. पुढं कित्येक वर्षं कुठल्याही थिएटरात बसले तरी माझी नजर त्या कोपऱ्याकडं जायची. आता डिजिटलमध्ये ठिपकेच नसतात.

फिल्म तुटली की चाचा दोन्ही टोकं खरवडून सोल्युशननं चिकटवत, आणि कापलेला चार-सहा चित्रांचा तुकडा मला मिळे. त्याचा सिनेमा आम्ही घरी करायचो. फ्यूज गेलेल्या बल्बातलं सामान काढून त्यात पाणी भरायचं, ते झालं भिंग. अंगणातून आरशानं ऊन आत घ्यायचं, खोक्याला भोक पाडून त्यासमोर फिल्म धरायची, उलटी, म्हणजे चित्र सुलटं पडतं. भिंतीवर आजोबांचं धोतर. भाऊ आरसा धरायचा, तो सूर्याबरोबर सारखा हलवावा लागे. आई भाकरी थापता थापता वळून बघायची आणि विचारायची, “पुढं काय होतं गं ह्यात?” चार चित्रांत काय पुढं होणार! मीच काहीतरी रचून सांगायचे.

केबिनच्या झरोक्यातून पाहिलेले तुकडेही मी तिला सांगायचे. ती म्हणायची, “मग? मग पुढं?” जसं काही तिला काहीच ठाऊक नाही.

दोन गोष्टी मात्र तेव्हाही मला खटकल्या होत्या. टाकीजच्या छतावर भोंगा होता. खेळाच्या आधी त्यावर रेकॉर्डी लागायच्या, आधी देवाचं गाणं, मग सिनेमाची. रेकॉर्ड थांबली की खेळ सुरू झाला. दुपारी तीनची रेकॉर्ड थांबायच्या आत आईची सगळी कामं उरकलेली असायची, रोज नाही, पण कधी कधी. आणि दुसरी समुद्राची. मी समुद्र पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पण त्याच्या कितीतरी आधी आईनं मला लाट कशी येते ते हातानं करून दाखवलं होतं. आधी पाणी मागं ओढलं जातं, म्हणाली, मग उभं राहतं, मग पडतं. परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या, पंढरपूरच्या पुढं कधी न गेलेल्या बाईला हे कुठून कळलं, असं मी तेव्हा विचारलं नाही.

चाचांचा एक निरोपही आठवतोय. डबा घेताना एकदा म्हणाले, “अम्मा कू बोल, कल का तीन का खेल ढाई कू है.” मी घरी येऊन सांगितलं. आई “बरं” म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. इतकंच.

सगळ्या घरासमोर उजळ माथ्यानं आम्ही बायका पिक्चरला गेलो ते ‘माहेरची साडी’ला. पिक्चर १९९१ चा, आमच्याकडं पोहोचायला पुढचं वर्ष उजाडलं. मी बारावीला होते. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. जनाना पुरेना, म्हणून सकाळचा जादा खेळ ठेवला आणि त्याला अख्खी टाकीज बायकांना दिली. आजी, आई, काकू, चाची, मी. फिरून फिरून प्रिंट झिजलेली. ऐन रडायच्या जागी फिल्म तुटली आणि ट्यूबलाइटी लागल्या. एरवी अशा वेळी आरडाओरडा व्हायचा. त्या दिवशी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. चारशे-पाचशे बायका ओले चेहरे घेऊन लख्ख उजेडात बसलेल्या, आणि प्रत्येकीला दुसरी दिसतेय. आई आणि आजीनं एकमेकींकडं पाहिलं. आजीनं आईला कधी गोड शब्द दिलेला मी ऐकला नव्हता. तिनं पदरानं आपले डोळे पुसले आणि तोच पदर आईपुढं धरला. मग अंधार झाला. परत येताना आजी नेहमीसारखी दहा पावलं पुढं चालली नाही.

टाकीज केबलनं मारली असं सगळे म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. केबल आली तरी थर्ड भरत होतं. मारलं ते भारनियमनानं. २००० नंतर तासन् तास लाईट नसायची, जनरेटरच्या डिझेलला जाणारा पैसा तिकिटातून निघेना. पुढं शहरांतल्या थिएटरांत सॅटेलाइटवरून पिक्चर यायला लागले, त्या मशिनीचा खर्च आमच्या मालकाच्या आवाक्याबाहेरचा. शेवटचा खेळ असा झालाच नाही. एका शुक्रवारी नवी पेटी आली नाही, एवढंच. चाचा पुढचे काही महिने रोज जाऊन मशिनी पुसून यायचे. ते आणि चाची, दोघंही आता नाहीत.

संध्याकाळी आईला हे सगळं सांगत बसले होते. ऐंशी ओलांडलीय तिनं, गुडघ्यांमुळं अंगणापलीकडं जाणं नाही. सोयाबीनचा भाव काय लागला हे तिनं विचारलंच नाही.

“उतार हाय का अजून?”

“आहे.”

“अन् जनान्याची भिंत?”

“तीही आहे. वरची शहाबादी फरशीसुद्धा.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खांबाजवळ, त्या फरशीखाली चीर हाय बघ. बोट जाईल एवढी.”

“कसली चीर?”

“तिकिटं हायेत तिथं. माझी.”

मग तिनं सांगितलं. दादा, म्हणजे माझे वडील, जिनिंगवर, आम्ही पोरं शाळेत, आजी देवळात पोथीला. अशा दुपारी ती आणि चाची बोळातून जनान्यात जायच्या. चाचीच्या बुरख्याकडं लोक बघत, बरोबर कोण बाई आहे हे कुणी बघत नसे. पैसे दुधाचे. पिक्चरच्या आधी सरकारी डॉक्युमेंटरी दाखवावीच लागे, थर्डातली माणसं त्या वेळी बाहेर विड्या ओढत. आई मात्र ती सोडायची नाही. समुद्र त्यातच पाहिला होता. तिकिटाचं उरलेलं अर्धुक घरी आणायची सोय नव्हती, आणि फेकून द्यायला जीव होईना. म्हणून उठताना गुंडाळी करून चिरेत सारायची.

“किती असतील?”

“मोजली का मी? दर पिक्चरला एक.” मग म्हणाली, “चाची हसायच्या मला. पण एकदा त्यांनीबी त्यांचं दिलं, म्हणल्या, हे पण टाक.”

एवढं सांगून तिनं कूस बदलली. मी दिवा बारीक केला. ओसरीवर आले तेव्हा आतून पुन्हा आवाज आला, “गुलाबी रंगाची असतील बघ. पतंगाच्या कागदासारखी.”

भाच्याला सांगून ठेवलंय. उद्या सकाळी सातला, मोंढ्यात गाड्या सुरू व्हायच्या आत जायचं. त्या खांबापाशी पोती आहेत, दोन-चार हलवावी लागतील. टॉर्च उशाशी ठेवलाय. आकडाही घेतलाय, माझ्या केसांतला, बारीक टोकाचा.