लाकडी रेसकारच्या चाकांना चुंबक बसवताना: माझा अनुभव

उतारावरून सोडायच्या लाकडी रेसकारचा खेळ १९५३ साली डॉन मर्फी यांनी कॅलिफोर्नियात सुरू केला. तिकडं वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. तीच धरून मी कोल्हापुरात शिवणीच्या लाकडाची गाडी केली. गाडीला इंजिन नाही, त्यामुळं घर्षणात गेलेला वेग परत मिळत नाही.

चुंबकावर चाक अधांतरी तरंगेल, ही आशा आधीच सोडा. नुसत्या कायम चुंबकांवर वस्तू स्थिर तरंगत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ सालीच दाखवलंय. गाडीचं वजन आसावरच राहतं. चाक आत सरकून बॉडीला किंवा बाहेर सरकून नटाला घासतं, तेवढं मात्र चुंबक थांबवतं. माझ्या मते एवढंही पुष्कळ आहे.

फक्त आतल्या बाजूला चुंबकाची जोडी बसवली, तर चाक बाहेर ढकललं जातं आणि नटावर घासत राहतं. म्हणून प्रत्येक चाकाला आत एक, बाहेर एक, अशा दोन जोड्या हव्यात. मी ८ मिमी व्यासाचे, ४ मिमी भोकाचे, २ मिमी जाडीचे निओडिमियमचे रिंग चुंबक घेतले. सोळा चुंबकांचं वजन ९ ग्रॅमच्या आसपास होतं, ते मर्यादेतच बसवायचं.

आस लोखंडी नको. चुंबक त्याला एका बाजूनं ओढून धरतो आणि घर्षण उलट वाढतं. उद्यमनगरातल्या (कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत) टर्नरकडून ३ मिमी पितळी रॉडच्या टोकाला आटे पाडून घ्या. नट आणि वॉशरही पितळीच. मग रॉडला ८०० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर मारून घ्यायचा. नायलॉनच्या चाकाचं भोक ३.१ मिमी, आत कोरडी ग्रॅफाइट पावडर. तेल नको, त्यात धूळ बसते.

ध्रुव चुकू नयेत म्हणून सगळे चुंबक एकावर एक चिकटवून उभा गठ्ठा करा. वरून एकेक काढताना प्रत्येकाच्या वरच्या तोंडावर मार्करनं खूण करा. बसवताना खुणेची तोंडं समोरासमोर, म्हणजे ती एकमेकांना ढकलतात. चाकाच्या दोन्ही बाजूंना २ मिमी खोल खाचा, त्यात चुंबक अराल्डाइटनं. आधी निकेलचा मुलामा पॉलिश पेपरनं खरवडा, नाहीतर चिकटत नाही. समोरचा, म्हणजे बॉडीकडचा किंवा नटाकडचा, चुंबक दुसऱ्या दिवशी लावा, ओल्या गोंदावर दोघं एकमेकांना उखडतात.

मधलं अंतर २ ते ३ मिमी ठेवा. ते बाहेरच्या नटानं जुळवता येतं. अंतर फार कमी केलं की चुंबक चाकाला आडवंही ढकलतात आणि भोक आसावर दाबलं जातं. बोटानं चाक हलकं आत दाबून सोडा: ते मधे परत आलं की बास, उसळायला नको.

वर्कशॉपमध्ये गाडी उघडी ठेवू नका. लेथखालचा बारीक लोखंडी चुरा चुंबकाच्या कडेला दाढीसारखा चिकटतो, फडक्यानं निघत नाही. चिकटपट्टी दाबून ओढली की निघतो. गाडीला सरळ ठेवणारी ट्रॅकची मधली पट्टीही लाकडीच हवी. लोखंडी पट्टी चुंबकांना ओढते, ॲल्युमिनियमच्या पट्टीत भोवरा प्रवाह (हलत्या चुंबकामुळं धातूत गोल फिरणारी वीज) तयार होऊन गाडीला किंचित ब्रेक लागतो.

फरक तपासायला गाडी उलटी धरून चाक फिरवा. सपाट धरल्यावर चुंबक असो-नसो, फारसं वेगळं काही दिसत नाही. गाडी दहाएक अंश बाजूला कलवून बघा: चुंबक नसलेलं चाक लवकर थांबतं.