तुम्ही विचारलंत म्हणून: घरात दोन कुत्री असताना लाकडी फ्लोअरिंग का केलं

घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस दारात चपला काढतो, हॉलकडे बघतो आणि दोन मिनिटांत विचारतोच. दोन कुत्री आहेत तुमच्याकडे, मग लाकडी फ्लोअरिंग कशाला केलंत? आणि केलंत तर केलंत, वर ही रबरी मॅट का अंथरलीत, एवढं महागाचं लाकूड दिसतच नाही. नणंदेने विचारून झालंय, सोसायटीतल्या काकूंनी, पेस्ट कंट्रोलवाल्याने सुद्धा. दर वेळी मी "भुऱ्याच्या पायासाठी" एवढंच म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला, वाकडला फ्लॅट घेतलाय, तिच्याकडे बीगल आहे, आणि तिला खरंच उत्तर हवं होतं. मी तिलाही तेच अर्धवट सांगून फोन ठेवला आणि मग रात्रभर डोक्यात तेच. म्हणून एकदाचं सगळं लिहिते.

पहिली गोष्ट, हौस म्हणून केलं नाही. लोकांना वाटतं मासिकातले फोटो बघून केलं असेल. बिल्डरने दिलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या आमच्याकडे, पांढऱ्या, आरशासारख्या चकचकीत, आणि भुऱ्या तेव्हा चार वर्षांचा, चौतीस किलोचा लॅब, त्यावरून चालताना मागचे पाय फाकायचे त्याचे. पाणी प्यायला वाकला की पुढचे दोन्ही पाय हळूहळू वाडग्यापासून लांब सरकत जायचे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे लाळेचा एक थेंब पडला तरी तो तसाच वर पडून राहतो आणि त्यावर पाय पडला की गेला. चिंगी आमची रस्त्यावरून आणलेली, हलकी, ती निभावून न्यायची. भुऱ्याचं मला बघवेना. लाकूड उबदार असतं, थोडं तरी धरून ठेवतं, असं मला वाटलं. आजोळी वाईला माडीवर जुन्या सागवानी फळ्या होत्या, पायाला कशा लागायच्या ते अजून आठवतं, कोरड्या आणि जराशा खरखरीत. माझ्या डोक्यात लाकडी जमीन म्हणजे ती. मी कुत्र्यासाठीच लाकूड केलं. हे कुणाला सांगितलं की खरं वाटत नाही, पण तसंच आहे.

मग २०१९ च्या फेब्रुवारीत शोधायला लागले आणि इथे माझं चुकलं. मी सगळा अभ्यास ओरखड्यांचा केला. दोन महिने. जांका हार्डनेस म्हणून एक प्रकार असतो, साधारण ११.२८ मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. अमेरिकन वॉलनट १०१०, रेड ओक १२९०, हिकरी १८२०, सागवान हजार-अकराशेच्या आसपास. सासरे म्हणत होते सागवान घे, बाकी सगळं भुसा आहे, आणि मी त्यांना हे आकडे दाखवून गप्प केलं होतं, की बघा बाबा, तुमचा साग ओकपेक्षा मऊ आहे. आता कळतं की तो आकडा लाकूड किती दबेल त्याचा आहे. कुत्र्याचं नख लाकूड दाबत नाही, ते वरचा कोट खरवडतं. ओक घ्या नाहीतर हिकरी घ्या, चकचकीत पॉलिश असेल तर पहिल्या आठवड्यात रेघ दिसणारच, उजेड तिरपा पडला की सगळं दिसतं. आणि सागाच्या अंगात मुळातच तेल असतं, ओलाव्याला तो ओकपेक्षा जास्त टिकतो. बाबा चूक नव्हते. त्यांना हे मी कधी बोलून दाखवलं नाही आणि आता ते नाहीत.

शोरूममधल्या माणसाने खिशातली किल्ली काढून सॅम्पलवर घासून दाखवली. ओकचं इंजिनिअर्ड लाकूड, वर अॅल्युमिनियम ऑक्साइड घातलेला कोट, ग्लॉसी. रेघ उठली नाही. "मॅडम, एकदम डॉगप्रूफ," म्हणाला. मी दोनदा स्वतः किल्ली घासून बघितली आणि तिथेच अॅडव्हान्स दिला. तळवा ठेवून बघितला नाही त्या सॅम्पलवर, ओला हात फिरवून बघितला नाही. जमिनीला नखापासून वाचवायचं एवढंच डोक्यात, कुत्र्याला जमिनीपासून वाचवायला निघाले होते ते कधी मागे पडलं कळलंच नाही.

आता थोडी माझी बाजू. इंजिनिअर्ड घेतलं ते बरोबरच केलं, त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. पुण्याची हवा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी आणि जुलैत भिजलेली, सलग सॉलिड लाकूड एवढ्या फरकात फुगतं-आकसतं, फळ्यांच्या कडा वर येतात. इंजिनिअर्डमध्ये खालचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात त्यामुळे हालचाल कमी. भिंतीपाशी दहा मिलिमीटर फट सोडून घेतली, वरून स्कर्टिंग, इतक्या पावसाळ्यांत एक फळी उचललेली नाही. लॅमिनेट स्वस्त होतं पण आत एचडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, सांध्यातून ओल गेली की फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही, कुत्र्यांच्या घरात पाण्याचा वाडगा चोवीस तास जमिनीवर असतो, त्यामुळे ते नाही घेतलं. हे सगळं मी नीट केलं. हे कुणी विचारत नाही.

२०२२, जुलै. बाहेर पाऊस. भुऱ्या तेव्हा सात वर्षांचा. संध्याकाळी बेल वाजली, कुरिअरवाला होता, आणि भुऱ्या बाल्कनीतून उठून दाराकडे धावला, जसा रोज धावायचा. बाल्कनीत पावसाचं पाणी आलेलं, पाय ओले. पॅसेजला वळायचं तिथे चपलांचं कपाट आहे, त्या कोपऱ्यावर त्याचं मागचं अंग बाहेर फेकलं गेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, कणीक माखलेले हात. कुत्रा घसरायला लागला की घाबरून नखं रुतवायला बघतो, मातीत ती रुततात, पॉलिशवर नुसती सरकतात, तसा कर्रर आवाज आला आणि मग कपाटावर धप्प. ओरडला नाही तो. लॅब लवकर ओरडत नाहीत.

मी आधी जमीन बघितली.

हे मी नवऱ्याला सुद्धा बऱ्याच उशिरा सांगितलं. चार पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, वीतभर लांब, शेवटाला वळलेल्या, आणि मी म्हणाले, "अरे भुऱ्या, काय केलंस हे!" चांगली जोरात म्हणाले. आणि तो कान पाडून, डोकं खाली घालून, शेपटी हलवत माझ्याकडे यायला निघाला, माफी मागायला येतात तसा, तेव्हा दिसलं की उजवा मागचा पाय टेकतच नाहीये. बोटांची टोकं फक्त जमिनीला लागतायत, आणि पाऊल टाकताना तो पाय वर उचलून धरतोय. तरी येत होता, कारण मी रागावले होते. कणकेच्या हातांनी मी त्याला तिथेच बसवलं. कुरिअरवाला दाराबाहेरून विचारत होता ताई ओटीपी सांगा, ताई ओटीपी.

डॉक्टरांनी त्याला आडवं करून मांडीचं हाड एका हाताने धरलं आणि नडगी पुढे ढकलून बघितली, ड्रॉवर टेस्ट म्हणतात त्याला, खण बाहेर यावा तशी नडगी पुढे आली. गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं. एक्सरे, मग टीपीएलओ नावाचं ऑपरेशन, त्यात नडगीचं हाड वरच्या बाजूला गोलाकार कापून फिरवतात आणि प्लेट बसवतात, म्हणजे लिगामेंट नसलं तरी गुडघा सरकत नाही. नंतरचे दोन महिने हॉलच्या एका कोपऱ्यात अडसर लावून त्याची जागा, पोटाखालून टॉवेल घालून मागचं अंग उचलायचं आणि लिफ्टने खाली न्यायचं, दिवसातून चार वेळा. माझी पाठ त्यात गेली ती गेली. चिंगी अडसराच्या बाहेर, जाळीला पाठ लावून झोपायची.

डॉक्टर एक म्हणाले ते मला आजही पटतं आणि पटत नाही. मी विचारलं, फ्लोअरिंगमुळे झालं ना हे? ते म्हणाले, ताई, कुत्र्यांमध्ये हे लिगामेंट बहुतेक वेळा एका घसरण्याने तुटत नाही, आधीपासून झिजत आलेलं असतं, वजन असतं, जात असते, एखाद्या दिवशी शेवटचा धागा जातो, मैदानात सुद्धा जाऊ शकला असता. नवऱ्याने ते लगेच धरलं, बघ, तुझी चूक नाही. पण मग झिजलं कशाने? चार वर्षं टाइल्सवर आणि तीन-सव्वातीन वर्षं माझ्या ओकवर तो रोज थोडा थोडा घसरत होता, ते काहीच नाही का? डॉक्टरांना परत विचारलं तर म्हणाले घसरडी जमीन वाईटच, पण किती टक्के तिच्यामुळे ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे मला दोष देता येत नाही आणि सुटका पण होत नाही. काही दिवस वाटतं वजनाचंच होतं, चपातीचे तुकडे आम्हीच भरवले. काही दिवस त्या कोपऱ्यावरून जाताना पोटात खड्डा पडतो.

त्या रेघा तशाच आहेत. पॉलिशवाला येऊन बघून गेला, भरून देतो म्हणाला, मी नको म्हटलं.

दुसरा डाग सोफ्याखाली आहे, तो चिंगीचा. दिवाळीत फटाक्यांना घाबरून ती तिथे शिरली, रात्रभर बाहेर आली नाही, सकाळी सोफा सरकवला तर मूत. पुसलं, पण दोन फळ्यांच्या सांध्यात मुरलेलं, आठवड्याभरात तिथे काळा पट्टा. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, अमोनियाशी गाठ पडली की ते काळवंडतं, परदेशात फर्निचरवाले ओक गडद करायला मुद्दाम अमोनियाची धुरी देतात. हे वाचलं तेव्हा चिडायला पण झालं नाही. ती थरथरत होती त्या रात्री.

आता मॅटबद्दल. पहिल्यांदा मी घरातल्या सतरंज्या टाकल्या, त्या लाकडावरून कुत्र्याला घेऊन सरकतात, उलट जास्त धोका. मग रबरी पाठीचे पट्टे आणले, दारापासून बाल्कनीपर्यंत, कोपऱ्यावर जास्त रुंद. पंज्याच्या गाद्यांमधले केस दर पंधरा दिवसांनी कापते, आधी मला माहीतच नव्हतं की ते वाढले की मोजे घालून चालल्यासारखं होतं. नखं वाढली की चालताना टकटक ऐकू येते, म्हणजे नख आधी टेकतंय आणि गादी नीट टेकत नाहीये, तेव्हा कापायची. भुऱ्याची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून थोडं थोडं टोक. हे मी टाइल्स असताना केलं असतं तर कदाचित लाकडाचा विषयच निघाला नसता. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

मग आता घेतलं असतं तर काय? दर महिन्याला माझं उत्तर बदलतं. लाकूडच घ्यायचं तर बिनचकाकीचं, मॅट फिनिशचं, वायर-ब्रश केलेलं, ज्यात रेषा उठून आलेल्या असतात आणि पायाला खरखरीत लागतात, वर ऑइल फिनिश, कारण त्यात ओरखडा आला तर तेवढीच जागा घासून तेल लावता येतं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या कोटमध्ये ठिगळ दिसतं. वरचा खऱ्या लाकडाचा थर तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे पुढे एकदोनदा घासून घेता येईल, माझा जेमतेम एक मिलिमीटर आहे, तो घासायची सोय नाही. एसपीसी म्हणून आता सगळे घेतात, चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, पाण्याला भीत नाही, पण त्यातही गुळगुळीत आणि खरखरीत दोन्ही येतं, ते कुणी बघत नाही, डिझाइन बघतात. आणि खरं सांगू, एप्रिलमध्ये दोघंही माझं लाकूड सोडून मोरीच्या दारातल्या खरबरीत फरशीवर पोट टेकून झोपतात. आईकडे अजून शहाबादी फरशी आहे, पॉलिश न केलेली, तिथे गेलं की भुऱ्या ऑपरेशन झालेल्या पायानेसुद्धा धावतो. तिथे मला कुणी विचारत नाही की ही फरशी का.

मग काढून टाक ना, असं भाची म्हणाली. काढता आलं असतं. पण भुऱ्या आता दहाचा झालाय, पट्ट्यांची वाट त्याला पाठ झालीय, तोडफोड, धूळ, चार दिवस दुसरीकडे राहणं, त्याला झेपेल असं वाटत नाही. आणि थंडीत सकाळी ते लाकूड पायाला लागतं तेव्हा मला अजूनही आवडतं. हे पण खरं आहे, लपवत नाही.

भाचीला मी काल परत फोन केला. म्हटलं, सॅम्पलचा तुकडा बघून काही कळत नाही, दुकानदाराकडून आठ-दहा फळ्या मागून घे, डिपॉझिट भर हवं तर, त्या पॅसेजमध्ये मांड, कुत्र्याचे पाय ओले कर आणि बेल वाजव. धावू दे त्याला. तू त्याच्या मागच्या पायांकडे बघ. ती म्हणाली, आणि ओरखडे आले तर दुकानदार फळ्या परत घेईल का? मी म्हटलं, नाही घेतल्या तर त्याचे पैसे मी देते.

हे टाइप करतेय तर भुऱ्या स्वयंपाकघराकडे निघालाय. पट्टा जिथे संपतो तिथून ओट्यापर्यंत दोन फूट मोकळं लाकूड आहे, तिथे येऊन तो थांबलाय आणि माझ्याकडे बघतोय. उठते, बाथरूमबाहेरची मॅट आणून टाकते.