नोकरीची दहा वर्षं भरली नव्हती, तरी मेडिकेअर मिळालं

मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपासूनचा अमेरिकेतला सरकारी आरोग्यविमा, हवं तर इथे दहा वर्षं नोकरी झालेली हवी, हे न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरांमध्ये सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे माझ्या वयाच्या कितीतरी बायका मनात धरून बसल्या आहेत, की ते काही आपल्यासाठी नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सांगलीला मी हायस्कूलवर शिकवत होते. ह्यांच्या नोकरीमुळे १९९३ साली इथे आलो. माझा व्हिसा एच-४, म्हणजे तेव्हा नोकरी करायला बंदी. ग्रीन कार्ड आलं तोवर मुलं मोठी झाली होती. मग एका शाळेत मदतनीस म्हणून काम धरलं, ते सासूबाईंच्या आजारपणात सोडावं लागलं. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनच्या, हिशेबात कमाईवर वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट्स मिळतात आणि मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, बिनहप्त्याचा हवा असेल तर ४० लागतात. माझी तीससुद्धा होत नव्हती. सांगलीतली वर्षं इथे मोजत नाहीत, कारण भारत आणि अमेरिकेत तसा करारच नाही. तीसपेक्षा कमी क्रेडिट्स असणाऱ्याला २०२५ साली पार्ट एसाठी महिन्याला ५१८ डॉलर भरावे लागत होते.

पण नवऱ्याची ४० क्रेडिट्स पूर्ण असतील, त्याचं वय ६२ किंवा जास्त असेल आणि लग्नाला निदान वर्ष झालं असेल, तर बायकोला त्याच्या नोंदीवर पार्ट ए बिनहप्त्याचा मिळतो. तसंच बायकोच्या नोंदीवर नवऱ्यालाही. विधवांसाठी तरतूद आहे. दहा वर्षं संसार करून घटस्फोट झालेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या बायकांसाठीही आहे. हे मला शिपमधल्या समुपदेशक बाईंनी समजावलं. शिप ही मोफत सल्ला देणारी सेवा आहे, ती प्रत्येक राज्यात असते. तिथे कुणी तुमच्या गळ्यात पॉलिसी मारत नाही. पासष्टी जवळ आली की टपालपेटी जाहिरातींनी भरून वाहते आणि फोन थांबत नाहीत. अशा वेळी ज्याला काही विकायचं नाही, असा माणूस भेटणं फार मोलाचं.

माझा वाढदिवस ऑक्टोबरात. वाढदिवसाचा महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची मुदत असते. मी जुलैतच अर्ज केला, म्हणजे १ ऑक्टोबरपासून विमा सुरू. ज्यांना सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आधीच चालू आहे त्यांच्या घरी कार्ड आपोआप येतं. मी ते घेतलेलं नव्हतं, तेव्हा अर्ज मलाच करायचा होता. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळतं, मेडिकेअरचं वय मात्र ६५ च आहे. या दोन वयांची गल्लत करून सदुसष्टीची वाट बघत बसू नका.

अर्ज ऑनलाइन भरला. मग लग्नाचा दाखला घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत बोलावलं. खिडकीतल्या गृहस्थांपुढे मी १९८४ सालचा नोंदणीचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर ठेवलं. त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं, मग माझ्या पासपोर्टवर ठेवलं. दाखल्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि आमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदललेलं! दोन्हींत एक अक्षर जुळत नव्हतं. त्यांना सगळी रीत सांगितली आणि जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट काढून दिला. त्यात वडिलांचं नाव होतं, नवऱ्याचंही होतं, आणि दोन्ही दाखल्याशी जुळत होती. गृहस्थांनी शांतपणे एकेक ओळ ताडून पाहिली, प्रती काढून घेतल्या आणि मूळ कागद तिथेच परत दिले. म्हणून सांगते, जुने पासपोर्ट टाकू नका. आणि कागद मूळ तरी हवा किंवा ज्या कचेरीने दिला तिचीच प्रमाणित प्रत हवी. नोटरी केलेली झेरॉक्स चालत नाही.

पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग, सगळ्यांनाच हप्ता भरून घ्यावा लागतो. २०२५ साली तो महिन्याला १८५ डॉलर होता. हे निवृत्त झाल्यापासून माझा विमा मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून स्वतः विकत घेतलेला, होता. तो नोकरीतला विमा धरला जात नाही, त्यामुळे पार्ट बी लांबवला असता तर उशिराच्या दर पूर्ण वर्षाला दहा टक्के दंड बसला असता, आणि तो जन्मभर. मार्केटप्लेसचा विमा आपणहून बंद होत नाही, तो मी सप्टेंबरअखेर स्वतः कळवून बंद केला.

सगळ्यात जास्त विचार पुढच्या निवडीला लागला. पार्ट बी आपल्या वाट्याला वीस टक्के ठेवतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. ते भरून काढायला एक तर मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरला जोडून घ्यायचा पूरक विमा, घ्यायचं, नाही तर मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीचा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन. अ‍ॅडव्हांटेजचा हप्ता कमी, कधीकधी शून्य असतो, पण डॉक्टर बहुधा त्यांच्या यादीतले घ्यावे लागतात आणि बऱ्याच गोष्टींना आधी मंजुरी लागते. मला मधुमेह आहे. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाला की पहिले सहा महिने मेडिगॅपवाले आजार विचारू शकत नाहीत, नाकारू शकत नाहीत. पुढे ते दार बहुतेकांना बंद होतं. आधी अ‍ॅडव्हांटेज घेऊन आजारपण वाढल्यावर मेडिगॅपकडे वळू म्हणणाऱ्यांना ही खिडकी कुणीतरी वेळेत दाखवायला हवी. मी मेडिगॅपचा प्लॅन जी घेतला. पार्ट बीचे वर्षाचे पहिले काही डॉलर माझे (२०२५ साली ते २५७ होते), वीस टक्क्यांचा भार प्लॅनचा. औषधांसाठी वेगळा पार्ट डी घेतला. त्यातल्या औषधांवर २०२५ साली खिशातून २,००० डॉलरच्या वर जात नव्हतं.

भारतात मेडिकेअर चालत नाही. प्लॅन जीमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे: प्रवासाचे पहिले साठ दिवस, आधी २५० डॉलर आपले, मग ऐंशी टक्के त्यांचे, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. आम्ही थंडीत सांगलीला त्याहून जास्त राहतो. तेव्हा वरच्या दिवसांसाठी प्रवासी विमा घेतला, आणि घेण्याआधी त्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे ते ह्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.